चारशे मीटर, पण पूर्ण: नागपूरच्या जंगलात व्हीलचेअरची वाट कशी करावी

जंगलात दिव्यांगांसाठी सोय करायची म्हटलं की बहुतेक ठिकाणी पैसा फाटकाशीच संपतो. ग्रॅनाइटचा रॅम्प, चकचकीत स्टीलचं रेलिंग, निळी पाटी. त्या रॅम्पवरून दिमाखात वर गेलेली व्हीलचेअर पुढे पन्नास मीटरवर सैल गिट्टीत रुतते आणि मागे फिरते. एवढ्यासाठी कोणी गाडी करून, सोबत दोन माणसं घेऊन दुसऱ्यांदा येत नाही.

म्हणून पहिला निर्णय लांबीचा. वाट चारशे मीटरचीच ठेवा, पण ती पूर्ण करा. जिथून निघालो तिथेच परत आणणारी फेरी हवी. गाडी लावायची जागा, तिकीट खिडकी, स्वच्छतागृह, पाणी आणि बाकं हे सगळं त्याच फेरीला जोडलेलं हवं. तीन किलोमीटरच्या 'बऱ्यापैकी' वाटेत एक जागा जरी अडली, तरी व्हीलचेअरसाठी वाट तिथेच संपते. सेमिनरी हिल्स, अंबाझरीचं जैवविविधता उद्यान, काटोल रस्त्याला गोरेवाडा, पुढे पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला. नागपूरभोवती जंगलाला तोटा नाही. पुढची मापं आणि पायऱ्या यापैकी कोणत्याही ठिकाणच्या पर्यटन भागाला लागू पडतील. वनव्यवस्थापन समिती, वनरक्षक, आराखडा काढणारे अभियंते आणि प्रत्यक्ष काम करणारे मिस्त्री यांच्यासाठी हा लेख आहे.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे आणि कलम २९ संस्कृती व करमणुकीबद्दल आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. मापांसाठी केंद्र सरकारची २०२१ ची सुगमता मार्गदर्शक तत्त्वं आहेत. अशी मानकं नुसती शिफारस म्हणून न ठेवता बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं. प्रस्तावाला मंजुरी मागताना हे तीन दाखले जोडा. 'निधी आल्यावर बघू' हे उत्तर मग इतक्या सहज मिळत नाही.

आधी वाट निवडा, मग आखा

नकाशा घेऊन टेबलावर वाट काढू नका. जाळरेषेवरूनच, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून साफ ठेवलेल्या पट्ट्यावरूनच, वाट न्यायचा मोह होतो, कारण ती आयती साफ असते. पण जाळरेषा आगीसाठी काढलेली असते. ती टेकडीवर नाकासमोर चढते आणि तिथला चढ कुठल्याही व्हीलचेअरला झेपत नाही. तळ्याकाठची किंवा टेकडीच्या कुशीतून आडवी जाणारी वाट शोधा.

जागा दोनदा पाहा. एकदा मे महिन्यात दुपारी, सावली कुठे आहे ते कळायला. एकदा जुलैत जोरदार पाऊस थांबल्यावर तासाभराने, पाणी कुठे साचतं आणि कुठून वाट ओलांडतं ते कळायला. चुन्याची पिशवी जवळ ठेवा आणि पाण्याच्या कडेला तिथेच खुणा करा. उन्हाळ्यात आखलेली वाट पावसाळ्यात नाला होते, हा नागपूरकडचा सगळ्यात नेहमीचा फटका आहे.

पाहणीला रोज व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती, पांढरी काठी वापरणारी एक, एक कर्णबधिर आणि गुडघे दुखणारी एखादी आजी सोबत घ्या. साहेबांना दोन मिनिटं व्हीलचेअरमध्ये बसवून फोटो काढण्याला पाहणी म्हणत नाहीत. मागून चार जण ढकलत असले की कुठलाही चढ सोपाच वाटतो.

उतार मोजायला महागडं यंत्र लागत नाही. मिस्त्रीकडे पाण्याची पारदर्शक लेव्हल पाइप असतेच. दहा मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका, पाइपने दोन्हीवर समान पातळीची खूण करा आणि त्या खुणा जमिनीपासून किती उंच आहेत ते मोजा. दोन्ही उंचींतला फरक ५० सेंटीमीटर आला तर चढ १:२०, आणि ८३ आला तर १:१२. मोबाइलवरच्या अँगल अ‍ॅपमध्ये हेच अनुक्रमे सुमारे २.९ आणि ४.८ अंश दिसतील. पण मोबाइल एका खड्ड्यावर ठेवला की आकडा फसवतो. तो सहा फुटी सरळ पट्टीवर ठेवूनच मोजा.

वाटेचा चढ १:२० च्या आत ठेवा. एखाद्या तुकड्यात जमलंच नाही तर १:१२ पर्यंत जाता येतं, पण मग तो रॅम्प झाला. त्याला दोन्ही बाजूंना कठडा हवा आणि दर ९ मीटरला दीड मीटरचा सपाट टप्पा. मिस्त्रीला सांगायची भाषा सोपी: वाटेवर एक फूट चढायला किमान वीस फूट लांबी, रॅम्पवर बारा फूट. आडवा उतार १:५० च्या पुढे जाऊ देऊ नका. वाट कडेला जास्त झुकली की खुर्ची सतत एका बाजूला ओढते आणि माणसाचा एकच खांदा अख्खा रस्ता राबतो. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती सर्रास होते.

माती, मुरूम, चुरी

इथे थोडं थांबायला हवं, कारण निम्म्याहून जास्त वाटा इथेच बिघडतात.

नागपूर शहर दख्खनच्या बसाल्टच्या पूर्वेकडच्या काठावर वसलं आहे. टेकड्यांवर थोडं खणलं की मुरूम लागतो, पण सखल भागात काळी माती. ती पावसात फुगते आणि मार्चनंतर भेगाळते. एप्रिल-मेमध्ये त्या भेगांत बोटं जातात. तिच्यावर थेट काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक टाकले की पहिल्याच वर्षी काँक्रीटला तडे जातात आणि ब्लॉक वरखाली होतात. दोन ब्लॉकमध्ये अर्ध्या इंचाची पायरी झाली की व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक अडकतं, खुर्ची जागीच थांबते आणि माणूस पुढे तोंडावर पडतो. ज्यांना छातीखाली संवेदना नाही, त्यांना अशा पडण्यात हाड मोडलेलंही लगेच कळत नाही.

काळ्या मातीच्या तुकड्यात निदान एक फूट माती काढून टाका आणि तो खड्डा कडक मुरुमाने दोन थरांत भरा. प्रत्येक थरावर पाणी मारून प्लेट व्हायब्रेटर किंवा छोटा रोलर फिरवा. एकदम फूटभर भरून वरून रोलर फिरवला तर वरचे चार इंच घट्ट होतात, खालचं पोकळ राहतं आणि पावसात खचतं. टेकडीच्या मुरमाड जमिनीवर एवढं खणायची गरज नाही. पालापाचोळा आणि मऊ वरचा थर काढला की पुरे.

त्यावर तीन थर, खालून वर असे:

पहिला, दाबून ६ इंच जाडीचा कडक मुरूम, सहा फूट रुंदीत. दुसरा, दाबून ३ इंच गिट्टी, ४० मिलीमीटर आणि त्याखालची मिसळलेली, पाच फूट रुंदीत. तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, दाबून २ इंच क्रशरची चुरी, म्हणजे डस्ट. चुरीच्या कणांना धार असते आणि त्यात बारीक भुकटीही असते, त्यामुळे पाणी मारून रोलर फिरवला की ती एकमेकांत घट्ट बसते. तिच्या जागी नदीची वाळू चालत नाही. वाळूचे दाणे गोल, ते एकमेकांवरून सरकतात आणि चाक रुततं. नुसता मुरूमही शेवटचा थर म्हणून चालत नाही. पहिल्या पावसात त्याचा तांबडा चिखल होतो. आणि वर सैल २० मिलीमीटरची गिट्टी पसरून 'नैसर्गिक लूक' देणारे तर वाटेचा मुडदाच पाडतात.

चारशे मीटरसाठी साहित्याचा अंदाज असा. मुरूम ४८ ते ५० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), गिट्टी २०, चुरी १४. रोलरखाली माल चेपतो म्हणून पंचवीस-तीस टक्के जास्त धरून हे आकडे काढले आहेत. काळ्या मातीच्या दर शंभर मीटरला वेगळा २५ ब्रास मुरूम लागेल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास येतो. झाडांच्या मुळांवरून टिप्पर नेण्यापेक्षा ट्रॉली बरी.

वाटेची रुंदी दीड मीटर, म्हणजे पाच फूट. दर पन्नास मीटरला ती थोडी रुंद करा, म्हणजे दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतील आणि दीड मीटरच्या वर्तुळात खुर्ची वळेल. दोन्ही कडांना दगड बसवा, जमिनीच्या वर दोन-अडीच इंच. काठीवाल्याला कड कळते आणि चुरी वाहून जात नाही. पण दर दोन-तीन मीटरला दगडांत फट सोडा, नाहीतर वाटेचीच कुंडी होते आणि त्यात पाणी भरतं.

थर घट्ट झाला का ते असं पाहा. बुटाच्या टाचेने जोर देऊन गोल फिरवा. खूण उमटली तर अजून पाणी आणि रोलर. मग ऐंशी किलोच्या माणसाला व्हीलचेअरमध्ये बसवून ती फिरवा आणि चाकाची खोली मोजा. दोन सुतांपेक्षा, म्हणजे पाव इंचापेक्षा, जास्त रुतलं तर तो तुकडा नापास.

नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. वाटेच्या वरच्या अंगाला चर काढा आणि चराचं पाणी वाटेखालून सिमेंटच्या ह्यूम पाइपने न्या. पाइप एक फूट व्यासाची हवी, सहा इंची नाही. सागाचं पान हाताच्या पंज्याहून मोठं असतं, अशी चार पानं सहा इंची तोंडावर बसली की पाइप बंद आणि पाणी सरळ वाटेवरून. पाइपच्या दोन्ही तोंडांना दगडी भिंतीचा आधार द्या, नाहीतर तोंडाजवळची माती वाहून जाऊन वाटेला कड्यासारखी धार पडते.

लाकडी पूल करायचा असेल तर फळ्या वाटेच्या आडव्या बसवा, लांबीला नाही, आणि दोन फळ्यांतली फट चार सुतांपेक्षा, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा, जास्त नको. फळ्या खालून उधईने पोखरलेल्या वरून दिसत नाहीत. जमिनीला टेकणारं लाकूड टाळा, दगडी किंवा सिमेंटच्या खांबांवर ठेवा.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. उद्घाटन मात्र एक पावसाळा काढून, दुरुस्त्या करून ऑक्टोबरात. मेच्या शेवटच्या आठवड्यात फीत कापलेल्या वाटा ऑगस्टमध्ये बघण्यासारख्या राहत नाहीत.

फाटक आणि गाड्या

मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून फाटकाशी वळणाचं किंवा फिरतं दार बसवतात. त्यातून व्हीलचेअर जात नाही. हाताने चालवायची तीनचाकी सायकल तर अजिबात नाही, आणि आपल्याकडे खेड्यातून येणारे बरेच लोक तीच वापरतात. खांब लावायचे तर दोन खांबांत १२०० मिलीमीटर मोकळं अंतर ठेवा. त्यातून मोटारसायकलही जाईल हे खरं आहे. ज्या फटीतून खुर्ची जाते त्यातून हँडल वाकडं करून बाइक जातेच, त्यावर माणूस उभा करण्याशिवाय उपाय नाही.

साइड व्हील लावलेल्या स्कूटरवर येणाऱ्यांची स्कूटर बाहेर ठेवायला लावू नका. ती त्यांचे पाय आहे. वाटेच्या सुरुवातीपर्यंत ती येऊ द्या आणि तिथे खुर्चीशेजारी उतरता येईल अशी जागा ठेवा. चारचाकीसाठी राखीव जागा ५ मीटर लांब आणि ३.६ मीटर रुंद, प्रवेशापासून ३० मीटरच्या आत, त्याच घट्ट चुरीची. पार्किंग खडीचं ठेवून वाट गुळगुळीत करणं ही नेहमीची गंमत.

मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आणि दृष्टिहीनांसाठी स्पर्शपट्ट्या आहेत, पण स्थानक ते फाटक हा तुकडा कोणाच्याच आराखड्यात नसतो. ई-रिक्षावाल्यांशी आधी बोलून ठेवा आणि तिकीट खिडकीवर त्यांचे नंबर लिहा. खिडकीचा एक भाग ७५० ते ८०० मिलीमीटर उंचीवर असावा, म्हणजे बसलेल्या माणसाचा चेहरा आतल्याला दिसतो. कर्मचाऱ्यांना एकच सवय लावा: सोबतच्या माणसाला "यांना काय होतं?" असं न विचारता, खुर्चीतल्या ताईंना किंवा काकांनाच "काय मदत करू?" असं विचारणं.

ऊन

इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. मणक्याला इजा झालेल्या अनेकांना इजेच्या खालच्या भागात घाम नीट येत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. इतरांना ज्या उन्हात 'आज जरा जास्तच ऊन आहे' एवढंच वाटतं, त्यात त्यांना उष्माघात होऊ शकतो. शिवाय मांडीला संवेदना नसली तर तापलेल्या लोखंडी बाकावर बसल्यावर चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतो. म्हणून वाटेवर स्टीलचं काहीही उन्हात ठेवू नका. बाकं लाकडाची, कठडे लाकडाचे किंवा बांबूचे, आणि दोन्ही सावलीत.

मार्च ते जून ही फेरी सकाळी नऊपर्यंतच उघडी ठेवा. दर तीस-चाळीस मीटरला बाक, बसायची उंची ४५० मिलीमीटर, पाठ आणि दोन्ही बाजूंना हात असलेलं. हात नसतील तर गुडघेदुखीवाल्या आजी बसतील, पण उठताना सुनेला हाक मारावी लागेल. प्रत्येक बाकाशेजारी ९०० बाय १२०० मिलीमीटर सपाट जागा ठेवा, म्हणजे खुर्चीतला माणूस वाटेत उभा न राहता बाकावरच्यांच्या शेजारी बसून गप्पा मारू शकतो.

स्वच्छतागृह

फेरीच्या सुरुवातीलाच हवं. आतली मोकळी जागा २२०० बाय २००० मिलीमीटर, दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं आणि ९०० मोकळं. कमोडची उंची ४५० ते ४८०, भिंतीकडे आडवा आधारदांडा, दुसऱ्या बाजूला वर उचलता येणारा. हँडशॉवर उजव्या हाताला आणि बसूनच पोचेल असा. वॉशबेसिनखाली गुडघ्यांना जागा.

आराखड्यात हे सगळं नीट असतं. बिघडतं ते असं: मिस्त्री सवयीने दाराशी दोन इंचांचा उंबरा घालतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. त्या दोन इंचांवर खुर्ची अडते. उंबरा न घालता दाराच्या आतल्या बाजूला फरशीत आडवी जाळीची नाली द्या आणि फरशीचा उतार नहाणी ट्रॅपकडे ठेवा. जाळीच्या फटीही अर्ध्या इंचापेक्षा बारीक. दुसरं, सहा महिन्यांत त्या खोलीत झाडू, फिनाइल आणि तुटलेल्या खुर्च्या जमा होतात, आणि चावी अशा माणसाकडे जाते जो जेवायला गेलेला असतो. सामानासाठी शेजारी वेगळं कपाट बांधा. या दाराला बाहेरून कुलूपच बसवू नका. आतल्या कडीला बाहेरून नाण्याने उघडता येणारी सोय असू द्या. दाराखाली रबरी पट्टी लावा, पावसाळ्यात विंचू आणि साप आत येतात.

न पाहता ओळखायचं जंगल

दृष्टिहीन पाहुण्यांसाठी वाटेच्या एका बाजूने दोरी बांधणं सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी. जमिनीपासून ९०० मिलीमीटर उंच, तीन मीटरवर लाकडी खांब. दोरी जाड, बोटांना सहज लागणारी. काथ्याची पावसाळ्यात कुजते. सिंथेटिक दोरी उन्हाने तुटते, पण निदान दोन उन्हाळे काढते, म्हणून तीच बरी. एक गाठ म्हणजे इथे थांबा, काही आहे. दोन गाठी म्हणजे पुढे पूल किंवा चढ. ही खूण फाटकाशीच हातात देऊन शिकवा. वांदरं दोरीवर झुलतात, म्हणून खांब दोन फूट खोल गाडा.

थांबे कुठले? ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली, धावड्याची त्याउलट गुळगुळीत. तेंदूची काळीभोर आणि खडबडीत. सागाचं मोठं पान कागदासारखं खरखरीत. कोवळं पान बोटांत चोळलं तर बोटं लाल होतात, हे जन्मांध मुलांना सांगायचं तर शेजारचा पाहणारा मित्र लागतो आणि तेच छान असतं. सालईच्या डिंकाचा वास घेऊ द्या. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली थांबवा, फुलं पडल्याचा आवाजही ऐकू येतो. प्रत्येक झाडापाशी दोरी खोडाला जवळ न्या, म्हणजे हात आपोआप सालीवर जातो. खाजकुइरीच्या वेली मात्र वाटेच्या दोन्ही बाजूंनी मुळासकट काढा. तिच्या शेंगांची लव हाताला लागली की पुढची फेरी संपलीच.

काठी पायाशी काय आहे ते सांगते, डोक्याशी नाही. वाटेवर फांद्या २२०० मिलीमीटरपर्यंत मोकळ्या हव्यात, पण छाटणी अडीच मीटरवर करा. ओली पानं जड होऊन फांदी फूटभर खाली येते, बांबूची तर आणखी. छाटणी वन कर्मचाऱ्यांकडूनच करून घ्या.

पाट्या मराठीत मोठ्या अक्षरांत, न चमकणाऱ्या पृष्ठभागावर, सोबत भारती ब्रेल. हाताने वाचायची पाटी ९०० ते १२०० मिलीमीटर उंचीवर, थोडी तिरकी. फक्त ब्रेलवर थांबू नका, कमी दिसणारे बहुतेक लोक ब्रेल वाचत नाहीत. क्यूआर कोडवर ध्वनिफीत ठेवली तर तिची प्रत फाटकाशी मेमरी कार्डात ठेवा. आत नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. दृष्टिहीन माणसाला ओढत नेऊ नका, आपला कोपर पुढे करा आणि अर्धं पाऊल पुढे चाला.

कर्णबधिरांसाठी गाईडची शिट्टी निरुपयोगी. थांबा, शांत, प्राणी त्या बाजूला, मागे फिरा, या चार खुणा निघण्यापूर्वी ठरवून घ्या आणि गाईड त्यांच्याकडे तोंड करून बोलेल याची काळजी घ्या. ऑटिझम असलेल्या मुलांना पुढे काय येणार हे माहीत असेल तर भीती कमी होते. वाटेचे सहा फोटो क्रमाने लावलेली चित्रपट्टी पालकांना आधीच पाठवा.

सफारी

गोरेवाड्यात सफारी बसने होते, पेंचकडे जिप्सीने. जिप्सीत उचलून ठेवणं हाच बहुतेक ठिकाणचा मार्ग असतो. त्यात पडायचा धोका आहे आणि माणसाची मानही खाली जाते. गाडीचा तळ जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा आणि फाटकाशी तेवढ्याच उंचीचा चौथरा बांधा. तळ ६० सेंटीमीटरवर असेल तर १:१२ ने रॅम्प ७.२ मीटरचा, वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट. गाडी मागच्या बाजूने चौथऱ्याला लावायची, मधल्या फटीवर चेकर्ड प्लेट, म्हणजे खरखरीत लोखंडी पत्रा. धड सावरता येत नसेल तर छातीला पट्टा, आणि मागच्या सीटऐवजी पुढची, कारण खड्ड्यांत मागे उसळी जास्त बसते.

आधी सांगणं

'दिव्यांगांसाठी सुगम' ही पाटी काहीच सांगत नाही. खुर्ची चालवणाऱ्याला आकडे हवेत, निर्णय तो स्वतः घेतो. संकेतस्थळावर आणि फाटकावर असं लिहा:

"फेरी ४०० मीटर. जमीन घट्ट चुरी, रुंदी दीड मीटर. सर्वात मोठा चढ १:१८, पुलाजवळ, २० मीटर. बाकं ११. सुगम स्वच्छतागृह सुरुवातीला, कुलूप नाही. व्हीलचेअर दोन, मोफत. मार्च ते जून सकाळी ९ पर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस झाल्यावर एक दिवस बंद."

देखभाल

जानेवारी ते मार्च सागाची पानगळ. पानांखाली वाटेची कड लपते, म्हणून दर आठवड्याला झाडा. आगीच्या हंगामाआधी जाळरेषांची साफसफाई होतेच, त्या मजुरांना वाटही त्याच फेरीत द्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात चर आणि ह्यूम पाइप मोकळे करा. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी फेरी मारून जिथे चुरी वाहिली तिथे चुन्याने खूण करा, दुरुस्ती ऑक्टोबरात. त्यासाठी दोन ब्रास चुरी ताडपत्रीखाली आधीच ठेवलेली असावी, नाहीतर मिस्त्री मुरूम टाकून मोकळा होतो.

फेब्रुवारीत आणि पावसाळ्यानंतर वाटेवरची मोठी झाडं नजरेखालून घाला. आग्या मोहोळ दिसलं तर त्या भागातली फेरी बंद ठेवा. माशा उठल्या तर खुर्चीतला माणूस पळू शकत नाही. फाटकाशी जाड पांघरुणं ठेवा. वनविभागाचा १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे नंबर प्रत्येक बाकाच्या पाठीवर लिहा, बाकाच्या क्रमांकासह. "बाक सात" म्हटलं की मदतीला नेमकं तिथेच येता येतं.

शेवटी एक पेटी, तिकीट खिडकीखाली. बाभळीचा काटा आणि गोखरू व्हीलचेअरच्या टायरला सहज लागतात, वाटेच्या कडेचं गोखरू तर चाकाला चिकटूनच येतं. पेटीत २४ इंची दोन ट्यूब, पंक्चर पट्ट्या, सोल्युशन, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पाय-पंप आणि १० ते १३ नंबरचे पाने (स्पॅनर) ठेवा. फाटकावरच्या दोन्ही खुर्च्यांना भरीव रबरी टायर घ्या. ते जड चालतात, पण पंक्चर होत नाहीत. पाहुण्याची स्वतःची खुर्ची पंक्चर झाली की त्याला फाटकावरच्या खुर्चीत बसवा आणि ट्यूब बदलेपर्यंत फेरी चालू राहू द्या.